आडवाटेने आलेला श्रोता

गाणे ऐकायचे म्हणून घरातून निघालेला माणूस आणि दुसऱ्याच कामाला निघालेला असताना ज्याच्या कानावर गाणे पडते तो माणूस, या दोघांपैकी खरा श्रोता कोणता, असे कुणी विचारले तर आपण उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ लावणार नाही. पहिला, असे आपण म्हणू. त्याने तिकीट काढले, संध्याकाळ मोकळी ठेवली, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तीन तास बैठक मोडली नाही, समेवर मान हलवली. दुसरा बिचारा भाजी आणायला निघाला होता. वाटेत कुठल्याशा खिडकीतून सूर आले, पायांची गती जराशी मंदावली, आणि मग तो मेथीच्या जुडीकडे वळला. त्याने सुरांसाठी काही म्हणजे काही केलेले नाही. श्रोता ही पदवी त्याला द्यायची कशी? मला मात्र अलीकडे या उत्तराची खात्री वाटेनाशी झाली आहे; आणि ती डळमळायला कारण झाले, सांगताना थोडे हसू येते, ते मुलांच्या व्हिडिओ गेममधले संगीत.

हे नाव काढताच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. फराळाचे ताट पुढे ठेवले तरी मोबाइलवरची नजर न उचलणारा नातू ज्यांच्या घरी आहे, त्यांना त्या यंत्रातून येणारा आवाज संगीत वाटणे कठीणच. मुलांनी गेम खेळावेत की खेळू नयेत, याबद्दल मी इथे काही सांगणार नाही. त्या विषयावर घरोघरी रोज एक परिसंवाद होतच असतो आणि त्याला अध्यक्षांची वाण नसते. मला बोलायचे आहे ते त्या आवाजामागे बसलेल्या माणसाबद्दल. कुणीतरी तो सूर बांधलेला असतो, कुणीतरी तो वाजवलेला असतो. खेळणाऱ्याने त्याला बोलावलेले नसते. तरीही तो त्याच्या घरात शिरतो, आणि पुष्कळदा जन्मभराचा मुक्काम करतो. अशा न बोलावता मिळालेल्या श्रोत्याचे मोल काय, आणि त्या श्रोत्याचे कलावंताशी काही देणे लागते की नाही, हा मला पडलेला प्रश्न आहे.

आधी हे संगीत असते तरी कसे ते पाहू. १९८५ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निघाला. त्याच्या चाली कोजी कोंडो नावाच्या तरुणाने बांधल्या. ज्या यंत्रासाठी त्या बांधायच्या होत्या त्याचा गळा अगदी तोकडा होता. एका वेळी दोन-तीन स्वर आणि तालासाठी थोडी खरखर, एवढ्यावरच भागवायचे. शिवाय तीच चाल पुन्हा पुन्हा वाजणार. तेव्हा शंभराव्यांदा ऐकतानाही ती नकोशी होता कामा नये, ही आणखी एक अट. एकतारी हाती देऊन मैफल रंगवा म्हणावे, तसाच हा प्रकार. पण ती चाल अशी काही बसली, की १९९० नंतरच्या दशकात त्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला घाटकोपर-अंधेरीच्या चाळींतून आणि इमारतींतून आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तीही आली. सुट्टीच्या दिवशी ज्याच्या घरी यंत्र असेल त्याच्याकडे आळीतली सगळी मुले जमत. आज ती मुले चाळिशीला आली आहेत, कर्जाचे हप्ते फेडत आहेत. पण त्यांच्यासमोर ती चाल नुसती गुणगुणा, चेहरा उजळतो. २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात ती जतन करण्यासाठी निवडली. व्हिडिओ गेमचे संगीत त्या संग्रहात जाण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे यंत्रांचा गळा सुधारला. आता सबंध वाद्यवृंद त्यात मावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे संगीत खेळणाऱ्याच्या पावलाबरोबर चालू लागले. तो थांबला की एखादाच सूर मागे रेंगाळतो. शत्रू जवळ आला की तालवाद्ये उठतात. संकट टळले की सारे हळूहळू निवते. आपल्याकडे याला एक सुंदर शब्द आहे: साथ. गायक कुठे जाणार हे तबलजीला आधी ठाऊक नसते, तरी तो त्याच्या पावलावर पाऊल ठेवून असतो. इथे गायकाच्या जागी खेळणारा आहे, एवढाच फरक. २०१२ साली निघालेल्या ‘जर्नी’ या खेळात एक यात्रेकरू वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जातो. त्याला ऑस्टिन विंटरी या संगीतकाराने दिलेली साथ ऐकली, तर या शब्दाचा अर्थ लगेच पटेल. तिथे चेलोचे सूर हेच त्या एकट्या यात्रेकरूचे मन आहे. ग्रॅमी पारितोषिकाच्या पार्श्वसंगीत विभागात नामांकन मिळवणारे व्हिडिओ गेमचे ते पहिले संगीत ठरले.

या वाटेने कलावंतांना नवे श्रोते मिळाले, याची उदाहरणे आता पुष्कळ झाली आहेत. ‘गोल्डफिंगर’ या अमेरिकन बँडचे ‘सुपरमॅन’ हे गाणे १९९९ साली चाकांच्या फळीवरून कसरती करण्याच्या एका खेळात घातले गेले, आणि ज्यांनी त्या बँडचे नावही ऐकले नव्हते अशा देशोदेशींच्या मुलांना ते पाठ झाले. लंडनच्या ‘ड्रॅगनफोर्स’ या बँडचे एक अतिद्रुत गाणे २००७ साली गिटारच्या खेळात आले. वाजवायला अशक्यप्राय म्हणून त्याची ख्याती झाली, आणि ती ऐकून लोक मूळ बँडकडे वळले. ख्रिस्तोफर टिन यांनी २००५ साली एका खेळासाठी स्वाहिली भाषेतील येशूच्या प्रार्थनेला चाल लावली. ‘बाबा येतू’ हे ते गाणे. स्वाहिलीचा एक शब्द न कळणाऱ्या लाखो लोकांनी ते ऐकले, आणि २०११ साली त्याला ग्रॅमी मिळाले. खेळातल्या संगीताला मिळालेले ते पहिले ग्रॅमी. २०२३ पासून तर अशा संगीतासाठी तिथे वेगळा विभागच आहे. जपानमध्ये १९८७ सालीच कोइची सुगियामा यांनी आपले खेळातले संगीत वाद्यवृंदाच्या मैफलीत नेले होते. आणि २०२२ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात, जिथे बाख आणि बेथोव्हेन वाजतात तिथे, एक संध्याकाळ या संगीताला देण्यात आली. वाद्यवृंदाच्या सभागृहात आयुष्यात कधी पाऊल न टाकलेली तरुण मुले अशा मैफलींना येतात. त्यांना तिथवर आणले ते व्हायोलिनच्या आवडीने नव्हे; पण एकदा आल्यावर व्हायोलिन त्यांच्यासमोरच वाजत असते.

आपल्या घराजवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याचे आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातल्या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या, सर्कशीत कसरती करणाऱ्या एका मुलीची ही कथा. ती सांगतात दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षी जगभरच्या नवोदितांच्या पहिल्या खेळांमधून जे पाच निवडले गेले त्यांत तो होता. आणि त्याचे संगीतकार कोण? ग्रीस देशातले लिनोस त्झेलोस. पुण्यात घडलेल्या हिंदू देवदेवतांच्या कथेला ग्रीक माणसाने सूर द्यावेत, आणि ते त्याने इतक्या आस्थेने द्यावेत, की इथली मुले ते आपलेच म्हणून ऐकतात! त्या संगीतकाराचे नाव एरवी आपल्यापर्यंत कधी आले असते? आडवाट ही अशी दोन्हीकडून चालता येते.

आता मूळच्या शंकेकडे वळू. कुणी म्हणेल, बाई, हे सगळे खरे असेल, पण याला ‘ऐकणे’ म्हणायचे का? मुलाचे डोळे पडद्यावर, बोटे कळांवर, जीव शत्रूला चुकवण्यात गुंतलेला. संगीत मागे कुठेतरी चालू आहे. कलावंताला कान मिळाले म्हणा, श्रोते मिळाले म्हणू नका. ही शंका वजनदार आहे. पण तिला परस्पर उत्तर मला एका माणसाने देऊन ठेवले आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घाटकोपरच्या बाजूला एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराईत रोज वरात, उरलेल्या वर्षात मिळेल ती मिरवणूक. एकदा शाळेत मुलाची प्रगतिपुस्तिका घ्यायला आले असताना बोलता बोलता मी त्यांना विचारले, “एवढ्या गोंगाटात तुमचं वाजवणं ऐकतं कोण हो?” ते म्हणाले, “वरातीत कोण बसून ऐकणार बाई? सगळे नाचतात. पण आम्ही एखादी मात्रा चुकवून बघावी, लगेच पन्नास पाय अडखळतात. पाय अडखळले म्हणजे ऐकतच होते की!”

मला हे उत्तर एखाद्या शास्त्रग्रंथातल्या वचनाइतके पक्के वाटते. ऐकण्याचे सगळे काम जाणिवेच्या उंबऱ्याच्या आत होत नाही. आईने जात्यावर म्हटलेली ओवी मुलाने कधी ‘ऐकली’? तो तर झोपेत होता. तरीही साठाव्या वर्षी ती त्याच्या तोंडी येते. खेळणारा मुलगा संगीताकडे लक्ष देत नाही हे खरे. पण तेच संगीत बंद करून त्याला खेळायला सांगा, आणि पाहा त्याचा खेळ कसा कोरडा होतो ते. मैफलीत आपण सुरांपुढे बसतो, खेळात मूल सुरांच्या आत असते. ते पडते तेव्हा सूर पडतात, ते उठते तेव्हा सूर उठतात. अशी स्वतःच्या धडपडीशी गाठ मारलेली चाल विसरणे कठीण असते. आणि एक खेळ पुरा व्हायला पन्नास-पन्नास तास लागतात. कुठल्या गवयाला आजच्या काळात एकाच श्रोत्याचे पन्नास तास मिळतात?

शिवाय ही आडवाट आपल्याला काही नवी नाही. मराठी माणसाच्या घरात राग शिरले ते कुठून? पहिल्या प्रथम मैफलीतून खचितच नव्हेत. ते आले कीर्तनातून आणि नाटकातून. १९११ साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. लोक गेले होते नाटक पाहायला, बालगंधर्वांची रुक्मिणी पाहायला, शालूचा काठ पाहायला. आणि परतताना ते भीमपलास घेऊन आले, यमन घेऊन आले, नावे ठाऊक नसताना घेऊन आले. संगीत ही नाटकाची दासी झाली म्हणून हळहळणारी माणसे तेव्हाही होती, आणि त्यांच्या हळहळीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण त्या दासीने पुढच्या दोन पिढ्यांचे कान तयार केले. नाटकातून तयार झालेला तो कान पुढे मैफलीत जाऊन बसला, आणि तिथे त्याला कुणी विचारले नाही, की तू कोणत्या दाराने आलास.

तेव्हा दाराबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती आत आल्यावर यजमानाचे नावही न विचारण्याबद्दल.

आकाशवाणीची ती सकाळची धून घ्या. भारतात गेल्या पाऊणशे वर्षांत जन्मलेल्या माणसांपैकी ती न ओळखणारा विरळा. ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. हे गृहस्थ बोहेमियातले ज्यू. युरोपात नाझींचे सावट पसरू लागले तेव्हा, १९३४ साली, मुंबईला आले आणि पुढे इथल्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. १९४६ पर्यंत ते या शहरात होते. परागंदा माणसाने एका परक्या देशाला त्याची सकाळ बांधून दिली. आणि त्या देशातल्या कोट्यवधी कानांना त्याचे नाव ठाऊक नाही. आता याच्या नेमके उलट पाहा. अँथनी गोन्साल्विस हे नाव कुणाला माहीत नाही? १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तले गाणे सगळ्या देशाने म्हटले. पण त्या नावाचा खराखुरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा मोठा संयोजक, प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा गुरू. शिष्याने मानवंदना म्हणून गुरूचे नाव गाण्यात गुंफले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचे स्वप्न त्या गुरूने १९५८ साली मुंबईत मैफली करून पाहिले होते. ते संगीत आज कितीजणांनी ऐकले आहे? २०१२ साली ते वारले. एकाची धून घरोघर पोचली आणि नाव वाटेत गळाले. दुसऱ्याचे नाव घरोघर पोचले आणि संगीत वाटेत गळाले. या दोघांना श्रोते मिळाले असे म्हणायचे का? मला वाटते, दोघांनाही अर्धे अर्धेच मिळाले.

यातून मला श्रोत्याची एक व्याख्या सुचते, ती वाचकांपुढे नम्रपणे ठेवते. ज्याच्या कानावर सूर पडला तो ऐकणारा. आणि सूर मनात राहिल्यावर ‘हा कुणाचा?’ म्हणून जो मागे वळतो, तो श्रोता. पहिले काम कानाचे आहे, ते आपोआप होते. दुसरे काम मनाचे आहे, आणि ते न केल्याबद्दल माणसाला बोल लावता येतो. तिकीट काढून पहिल्या रांगेत बसलेला रसिक मागे बसलेल्या तंबोरेवाल्याचे नाव न विचारता घरी गेला, तर त्याच्यापुरता तो ऐकणाराच राहिला. आणि खेळ संपल्यावर पडद्यावर वर सरकणाऱ्या बारीक अक्षरांत चालीच्या धन्याचे नाव शोधणारी दहा वर्षांची मुलगी श्रोता झाली. २०१८ पासून दोन वर्षे ‘पबजी’ची धून आपल्या लोकलच्या डब्याडब्यांतून वाजत होती, २०२० च्या सप्टेंबरात त्या खेळावर बंदी आली. ती धून टॉम साल्टा या अमेरिकन संगीतकाराची, हे त्या डब्यांतल्या किती मुलांनी शोधले असेल? ज्यांनी शोधले तेवढे त्याचे श्रोते.

इथे एक कायदेशीर वृत्तीचा वाचक मला अडवील. तो म्हणेल, मी मागितले नव्हते, त्याचे ऋण माझ्यावर कसे? मी खेळ विकत घेतला, संगीत त्याच्याबरोबर आले. बाजाराच्या हिशोबाने हे बरोबर आहे. पण आपल्याकडे ऋणाचा विचार बाजारात सुरू झालेला नाही. देवऋण, पितृऋण, ऋषिऋण ही तीन ऋणे माणूस जन्माबरोबर घेऊन येतो असे आपण मानत आलो. त्यांतले एकही त्याने मागितलेले नसते. जे न मागता मिळाले आणि ज्याने आपण घडलो, तेच खरे ऋण, ही त्यामागची जाण आहे. मागून घेतलेल्या वस्तूचे पैसे चुकते करता येतात. न मागता मिळालेल्याची फेड आठवणीनेच सुरू होते. देव आहे की नाही याबद्दल दुमत असू शकेल, पण मोठ्या थकव्याच्या रात्री ज्याच्या सुराने आपल्याला उभे केले तो माणूस आहे, याबद्दल दुमत नाही.

आता कलावंताची बाजू. त्या क्लॅरिनेटवाल्यांच्या मुलाने पुढे बासरी धरली. बापाचे फुप्फुस आणि आईचा धीर असे त्याचे भांडवल. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो अधूनमधून वाजवायला जाई. तिथे एका मोबाइल गेमच्या कंपनीचे काम आले. काही मिनिटांची बासरी, मोबदला जाण्यायेण्याच्या खर्चाहून थोडासा अधिक, आणि वर समजूत अशी, की पैशाकडे काय पाहतोस, तुझी बासरी लाखो कानांवर पडेल. तो माझ्याकडे आला. म्हणाला, “बाई, खोटं नाही बोलत ते. पडेलच. पण त्यात मला काय मिळालं, ते समजत नाही.”

मी त्यावर पुष्कळ विचार केला, आणि मला त्या समजुतीतली मेख सापडली असे वाटते. मजुरी ज्याच्याजवळ आहे तोच देऊ शकतो. कंपनीजवळ पैसा आहे, तो ती देऊ शकते. श्रोता तिच्याजवळ नाही. तिच्याजवळ कान आहेत. त्यांतला एखादा मागे वळून श्रोता होईल की नाही, हे त्या कानाच्या धन्याच्या हाती. मग जे आपले नाहीच ते मजुरी म्हणून कसे देता येईल? फुलाचा वास दूरवर जाईल म्हणून माळ्याला पैसे न देणारा गिऱ्हाईक वाऱ्याची मालकी सांगत असतो. प्रसिद्धी हा कामाचा परिणाम असू शकतो, कामाचा दाम होऊ शकत नाही. २०२४ साली ‘हेवन सेव्हन्टीन’ या जुन्या इंग्रज बँडच्या मार्टिन वेअर यांनी जाहीर केले, की एका अतिप्रसिद्ध खेळाच्या पुढल्या भागासाठी त्यांच्या गाण्याला प्रत्येक लेखकामागे साडेसात हजार डॉलर, पुढच्या कसल्याही हिश्श्याशिवाय, देऊ केले गेले, आणि त्यांनी ते नाकारले. त्यावर जगभर वाद झाला. एक पक्ष म्हणाला, वेड्यांनो, नवी पिढी तुमचे गाणे ऐकेल, ते सोडता? दुसरा म्हणाला, कोट्यवधी कमावणाऱ्याने हिस्सा का देऊ नये? मला दुसरा पक्ष न्यायाचा वाटतो.

परंतु न्याय सांगणे सोपे आहे. त्या बँडचे नाव चाळीस वर्षांपूर्वीच झालेले होते. त्यांना नकार परवडत होता. घाटकोपरच्या मुलाला परवडतो का? तो नाही म्हणाला तर दुसरा बासरीवाला दाराशी उभाच आहे. तोही नसला तर आता यंत्रच बासरीसारखे वाजवून देते. एकट्याच्या स्वाभिमानाने बाजार बदलत नाही. म्हणूनच कायदा आणि संघटना लागतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी १९६९ पासून संस्था आहे, आणि २०१२ सालच्या दुरुस्तीने सिनेमातल्या गाण्याच्या कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेण्याला कायद्याने आळा घातला. त्या मागे वर्षानुवर्षांचा झगडा होता. खेळासाठी वाजवणाऱ्या पोरासोरांपर्यंत तो झगडा अजून पोचायचा आहे.

त्याने काम घेतले. मात्र एक अट घातली: पैसे तुम्ही म्हणाल ते, पण नाव लिहायचे. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर ते लिहिले गेले. कुणी शोधल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, पण लिहिले गेले. वर्षभराने त्याला चिली देशातल्या एका मुलीचा संदेश आला. हे वाद्य कोणते, ते कशाचे करतात, आणि तुम्ही आणखी काही वाजवले आहे का, असे तीन प्रश्न तिने विचारले होते. तो मला दाखवायला आला तेव्हा त्याचे वडीलही बरोबर होते. चाळीस वर्षे वराती वाजवून ज्यांना कुणी नाव विचारले नव्हते, ते त्या परक्या लिपीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. लाखो कान म्हणून सांगितले होते. श्रोता मिळाला एक. पण नाव लिहिलेले नसते तर तोही मिळाला नसता. मागे वळणाऱ्याला सापडेल अशी खूण ठेवणे, एवढे तर कलावंत मागू शकतो आणि एवढे देणे कुठल्याही धनिकाला जड नाही.

आणि कलावंताचेही एक कर्तव्य उरतेच. कुणी लक्ष देत नाही म्हणून हात आखडता घेणे हा त्या न दिसणाऱ्या श्रोत्याचा विश्वासघात आहे. केसरबाई केरकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बैठकीत कुणाची बेफिकिरी त्यांना खपत नसे. श्रोता कसा असावा याबद्दल त्यांच्याइतके कडक कुणी नसेल. त्याच केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली, आणि दुसरे यान निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्या मुंबईत वारल्या. आज त्यांतले पुढचे यान सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. श्रोता पारखून घेणाऱ्या गायिकेचा सूर आता अशा ठिकाणी चालला आहे, की तिथे श्रोता आहे की नाही हेही कुणी सांगू शकत नाही. साडेतीन मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण करताना त्यांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. पण त्यांनी त्यात एक श्रुतीही हलकी लावली नाही, आणि म्हणून ते पाठवण्याजोगे ठरले. श्रोता कुठून, केव्हा, कोणत्या आडवाटेने येईल हे कलावंताला कधीच कळत नाही. तो आलाच आहे असे समजून वाजवायचे, एवढेच त्याच्या हाती.

आपल्या हाती काय आहे? फार थोडे, पण अगदीच काही नाही असे नाही. या चार दिवसांत घराघरांत पाहुणे आहेत, मुले आहेत, यंत्रे आहेत, आवाज आहेत. त्यांतला एखादा सूर बरा वाटला तर मुलाला ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, की हे वाजवले आहे कुणी? त्याला ठाऊक नसेल. मग त्यालाच शोधायला सांगा. अशा शोधात ती मुले आपल्यापेक्षा तरबेज असतात. नाव सापडले की ते मोठ्याने वाचा. ते जपानी असेल, ग्रीक असेल, कदाचित आपल्याच घाटकोपरचे निघेल. उच्चार चुकला तरी हरकत नाही.